स्टँडबायवाले भाऊ

दोन पेनं, दोन रुमाल, बाईकच्या डिक्कीत जादा क्लचवायर आणि डबा सांडलाच तर म्हणून चिवड्याची पुडी. बजाजनं १९८५ साली वाळूजला कारखाना काढला, त्यामागं सुट्या भागांच्या कंपन्यांची रांग लागली. त्यांतल्याच एकीचा, म्हणजे आमचा, डेटाबेस भाऊंच्या ताब्यात. जे एकच आहे ते नाहीच समजा, असं भाऊंचं म्हणणं.

प्रायमरीवर, म्हणजे मुख्य सर्व्हरवर, पडलेली नोंद लगोलग स्टँडबायकडं, म्हणजे राखीव सर्व्हरकडं, ओघळत जायची सोय पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेस-सॉफ्टवेअरमध्ये २०१० साली आली. त्या सप्टेंबरचं नाव काढलं की भाऊंना दसरा झाल्यासारखं वाटतं. स्टँडबाय म्हणजे बॅकअप नव्हे, हेही तेच बजावतात. कुणी चुकून टेबल उडवलं तर ते स्टँडबायवरूनही तितक्याच तत्परतेनं उडतं. म्हणून बॅकअप वेगळा, आणि त्याची प्रत आणखी वेगळी.

एकदा दोन सर्व्हरांमधला स्विच मेला. स्टँडबायला वाटलं, मोठे गेले. त्यानं सुतक न पाळता गादी धरली. मोठे तर ठणठणीत! एका गावाला दोन सरपंच. तासाभरात एकाच नंबरची चलनं घेऊन दोन ट्रक गेटवर. वॉचमन विचारतो, “साहेब, यातलं खरं कोणतं?” त्या रात्री भाऊ जेवले नाहीत. चिवडासुद्धा नाही. मग कोपऱ्यात तिसरं, जुनाट मशीन आलं. त्यात डेटा नाही, नुसतं मत. तिघांत दोन मतं पडल्याशिवाय गादी कुणालाच नाही. “तो साक्षीदार आहे, त्याच्यावर कप ठेवू नको,” असं चहावाल्या पोरालाही सांगून झालंय.

घरी भाऊ सिंक्रोनस असतात. म्हणजे पलीकडून ‘पोचलं’ आल्याशिवाय नोंद पक्की नाही, आणि तोवर पुढचं काम नाही. परवा बजाजनगरात पावकिलो गवार घेऊन उभे. वहिनी फोन उचलेनात, भाऊ हलेनात.

“दादा, पैसे दिले ना? मग जावा की.”

“तिला हो म्हणू द्या.”

वहिनी धुणं वाळत घालत होत्या. वीस मिनिटं.

आषाढीला आम्ही सगळे इथल्याच छोट्या पंढरपूरला. रांगेत भाऊ खुशीत. “ते प्रायमरी, हे स्टँडबाय. तिकडं जाणं नाही जमलं तरी सेवा चालू.”

“म्हणजे आज विठोबा इथं नाही?” वहिनी.

“आहे की!”

“आणि तिथं?”

“तिथंही आहे.”

“मग दोन सरपंच झाले की हो.”

रांग चार पावलं सरकली. भाऊ जागेवरच. “साक्षीदार पाहिजे,” पुटपुटले.

पुढची आजी वळली. “पुंडलिक हाय की, बाबा.”

भाऊंनी तळहातावर लिहून घ्यायला खिशातलं पेन काढलं. ते चालेना. दुसरं काढलं.