जहाजातून उतरा, होडीत बसा

औंढा तालुक्यातल्या सिद्धेश्वरला धरण आहे, पाणी आहे, समुद्र तेवढा नाही. तो पाचशे किलोमीटरच्या पुढे. तरीही हल्ली आमच्या हिंगोली जिल्ह्यातले व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस उघडावे, तर डेक, डॉल्फिन आणि डीजे.

पाण्याबद्दल या भागात आजवर एकच प्रश्न विचारला जायचा. पाळी कधी सुटणार? येलदरीत वीज करून झाली की पूर्णेचे पाणी सिद्धेश्वरात, सिद्धेश्वरातून कालव्यात, कालव्यातून रानात. मधे ज्याने मोटार टाकली त्याच्या नावाने शिव्या. नुसते पाणी बघायला पैसे मोजायचे, ही कल्पना कोणाच्या डोक्यात नव्हती.

आता ती ईएमआयवर मिळते.

कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून फेऱ्या सुरू केल्या. त्यांचे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० सालचे, म्हणजे त्यावर हनिमूनला जाणारे बरेचसे नवरदेव त्याच्यापेक्षा लहान. २० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईतल्या नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. मुंबईची जनशताब्दी आता थेट हिंगोलीहून सुटते. मग राहिले काय? सोयाबीनला भाव. तो नाही मिळाला तरी मुलाच्या नोकरीचा पगार येतोच.

तर जहाज निघते. रात्र पाण्यावर जाते. सकाळी मुरगाव बंदर येते आणि अकरा मजली जहाजातली जनता धक्क्यावर उतरते. गोव्यात आठ तास मिळालेत, काय करायचे?

सगळे एकमुखाने म्हणतात, बोटीत बसू!

आदल्या संध्याकाळपासून हे लोक कशात बसले होते, असे त्यांना कोणी विचारत नाही. विचारू नये. सुट्टीवरच्या माणसाला तर्क विचारणे हा उपद्रव आहे.

यात नवे काही नाही म्हणा. कोकणातले लोक हे फार पूर्वी करत होते, फक्त नाइलाजाने. मुंबईहून गोव्याकडे जाणारी आगबोट छोट्या बंदरांत धक्क्याला लागायचीच नाही. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे छोट्या होड्या, यायच्या. वर जहाज हलतेय, खाली पडाव हलतोय, मधे ट्रंक, वळकटी आणि फणस. पाय कुठल्या क्षणी टाकायचा, हे खलाशी सांगायचा, तेही दंडाला धरून. आजोबांनी त्या पडावाला जन्मभर शिव्या घातल्या.

नातवाने त्याचेच ऑनलाइन बुकिंग केले. वर रिव्ह्यू वाचून.

लक्षद्वीपच्या बऱ्याच बेटांवर आजही तोच प्रकार आहे. मोठे जहाज बाहेर, प्रवासी छोट्या बोटीने बेटावर. दर्या खवळला तर बेट लांबूनच बघायचे. ही अट आधीपासूनच असते, वाचतो कोण?

गोव्याकडे वळू. मुरगाव ते पणजी तीसेक किलोमीटर. मांडवीवरच्या बोटी सांता मोनिका जेटीवरून सुटतात. तासाभराची फेरी, वर डीजे, थोडे गोव्याचे नाच आणि मग घोषणा: आता फक्त कपल्स स्टेजवर! नदी कुठल्या बाजूला आहे, हे शेवटपर्यंत कळत नाही. मधूनच दिवे लावलेली कॅसिनोची जहाजे दिसतात. ती नांगरून उभी. थोडक्यात, न हलणाऱ्या जहाजांकडे हलणाऱ्या बोटीतून बघायचे आणि जुगार न खेळताही पैसे गेल्याचे समाधान घ्यायचे.

या फेऱ्यांचा खरा रंग संध्याकाळी. सूर्यास्ताला तर झुंबड. पण आपले मोठे जहाजही बहुतेकदा संध्याकाळीच नांगर उचलते, आणि प्रवाशांनी त्याच्याही बरेच आधी चढायचे असते. म्हणजे सूर्यास्त बघायचा की जहाज गाठायचे? एजंट म्हणतो, ‘दोन्ही होतं साहेब.’ एजंटला जहाज गाठायचे नसते.

आता यातली गंमत. पणजीहून समोरच्या बेतीला सरकारी फेरीबोट जाते. लोखंडी, चपटी, आवाज करणारी. तिच्यातून तीच मांडवी दिसते, तीच कॅसिनो दिसतात, वर पणजीचा जुना आदिलशाही राजवाडाही दिसतो. डीजे नाही. कपल्सना स्टेज नाही. आणि चालत येणाऱ्या माणसाला तिकीट?

नाही. फुकट.

पण फुकटची शिफारस करून कोणाचे कमिशन सुटते? म्हणून ही फेरीबोट कुठल्याच माहितीपत्रकात नसते. शाळेतली पोरे, मासळीच्या पाट्या, स्कूटरवरचे कारकून रोज तिच्यातून जातात. आपण त्यांच्याच शेजारून, शेकडो रुपये मोजून, हात हलवत जातो.

मुंबईतही तसेच. परदेशी जहाजातून उतरलेल्या गोऱ्याला गेटवेवर जी ‘हार्बर राइड’ मिळते, ती अर्ध्या तासात बंदर दाखवून परत आणते. भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोऱ्याला जाणारी लाँच तेच बंदर दाखवते. तिच्यात भाजीची टोपली, सायकल आणि डब्याची पिशवी असते. गाईड नसतो, हा फायदाच.

एलिफंटाला जाणाऱ्यांचे आणखी वेगळे. गेटवेहून घारापुरीला जायला तास, यायला तास, वर पायऱ्या आणि पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना माळांची दुकाने. १९८७ पासून जागतिक वारसा. इतके सगळे करून सोमवारी गेलात, तर लेणी बंद. जहाज मात्र वार बघून बंदरात शिरत नाही. आणि ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले, तो हत्ती कधीचाच भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणून ठेवलाय. तिथे जायला बोट लागत नाही.

जहाजावरचे टूर डेस्क हा स्वतंत्र विषय. सूट घातलेली मुलगी गोड हसून दर सांगते आणि आपल्या कपाळाला आठ्या पडतात. बाहेर हेच निम्म्यात मिळेल, असे आपण बायकोच्या कानात म्हणतो. बरोबरच आहे. मिळते. पण त्या जास्तीच्या पैशात एक गोष्ट येते. जहाजाच्याच टूरची बस वाटेत अडकली, तर जहाज तिची वाट बघते. तुम्ही स्वतः ठरवलेली टॅक्सी झुआरीच्या पुलावर अडकली, तर जहाज कोणाची वाट बघते?

कोणाचीच नाही.

परदेशी बंदरांत धक्क्यावरून धावत सुटलेल्या प्रवाशांचे व्हिडिओ आपण चवीने बघतो. डेकवरचे लोक त्यांना टाळ्या वाजवून प्रोत्साहन देतात. जहाज तरीही सुटते. मग पुढचे बंदर स्वखर्चाने गाठायचे. निम्म्यात मिळालेली टूर मग दुपटीत पडते.

याचा अर्थ टूर डेस्कला साष्टांग घालावा असाही नाही. कोचीला जहाज लागले की तिथला पहिला सल्ला काय? अलेप्पीचे बॅकवॉटर. म्हणजे जहाजातून उतरून बसमध्ये, पन्नासेक किलोमीटर बस, बसमधून उतरून हाउसबोटीत, मग हाउसबोटीतून बसमध्ये आणि बसमधून जहाजात. दिवसभरात पाण्यावर किती वेळ? जेवणाइतका. बाकी वेळ ट्रॅफिक, तोही आपल्यासारखाच.

कोचीत तर बंदरच बघण्यासारखे आहे हो. मोठी जहाजे लागतात त्या विलिंग्डन बेटाचीच कथा घ्या. रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बंदर खोल करायला गाळ उपसला आणि त्या गाळाचे बेट केले. आमच्याकडे २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. त्यांच्या गाळावर बंदर उभे राहिले. आमच्या गाळावर फलक.

त्याच कोचीत एप्रिल २०२३ पासून वॉटर मेट्रो धावते. बॅटरीवर चालणारी, वातानुकूलित, तिकीट २० रुपयांपासून. हायकोर्ट जेटीवरून फोर्ट कोचीला जा, वाटेत सगळे बंदर बघा, चिनी जाळी बघा, परत या. कोणी ‘लास्ट सीट’ म्हणून ओरडत नाही. फाटकातून माणसे मोजून आत सोडतात. शंभरची बोट असेल तर शंभरच.

मोजून. हा शब्द आपल्याकडच्या जेटीवर ऐकलाय कधी?

आपल्याकडच्या लाँचचे वेळापत्रक म्हणजे वसमत रोडवरची काळीपिवळी. सीट भरल्या की निघतो. भरल्या की आणखी दोन घेतो. ‘सरका ना थोडं.’ जमिनीवर सरकायला जागा नसली तर माणूस टपावर बसतो. पाण्यावर काय करतो?

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ला इंजिनची चाचणी घेत असलेल्या नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली. १५ जीव गेले. धडक दुसऱ्याची होती, हे खरेच. पण लाँचवर शंभराहून जास्त माणसे होती आणि कित्येकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते, हेही खरेच. त्यानंतर जॅकेट सक्तीचे झाले. त्याआधी ते कशासाठी ठेवले होते? तपासणीला दाखवण्यासाठी.

आणि हे समुद्रातच होते असे समजून धरणाकाठच्यांनी निर्धास्त राहू नये. २१ मे २०२४ ला उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वाऱ्याने उलटली. सहा जण गेले. ती पर्यटकांची बोट नव्हतीच. रोजची ये-जा. पाणलोटात रस्ता गेला की गावाला बोट हाच रस्ता उरतो, आणि त्या रस्त्याला ना कठडा ना पाटी.

त्यामुळे सिद्धेश्वरला, येलदरीला ‘जलपर्यटनाला प्रचंड वाव’ असल्याची भाषणे ऐकली की हात आपोआप खिशाकडे जातो. वाव आहे, नाही कोण म्हणतो? औंढा नागनाथाला आलेला भाविक तासभर पाण्यावर घालवायला नक्की येईल. पण आधी जॅकेट येणार की आधी कोनशिला? पैज लावायची तर लावा. मी कोनशिलेवर लावतो.

जॅकेटवरून आठवले. जॅकेट देतात तेव्हा आपण काय करतो? घालतो, बक्कल लावत नाही. मग फोटोच्या वेळी काढतो, कारण साडीचा रंग दिसत नाही. मग ते मांडीवर. शेवटी त्यावर वेफर्स. पोराला मोठ्यांच्या मापाचे देतात, ते गळ्यातून निसटते, आणि त्यावर आपण हसतो. लहान माप मागितले तर जेटीवरचा माणूस अशा नजरेने बघतो, जणू आपण जहाजच मागितले.

वय झालेल्यांचे कोणी बोलतच नाही. आई-वडिलांना क्रूझ दाखवायची हौस दांडगी. जहाजात लिफ्ट असते, तिथवर ठीक. लाँचमध्ये चढायला ओहोटीच्या वेळी शेवाळलेल्या पायऱ्या आणि समोरून आलेला एक हात. भरती-ओहोटीची वेळ बघून तिकीट काढणारा हिंगोलीकर अजून जन्मायचाय. आमच्याकडे पाणी वर्षातून एकदाच चढते, चढले तर.

ही खोड काही एकट्या मराठवाड्याची नाही. न्यू जर्सीतल्या पुतण्याकडे गेलेल्या काका-काकूंना पुतण्या स्वातंत्र्यदेवी दाखवायला महागड्या बोटीत बसवतो. शेजारून नारिंगी रंगाची स्टेटन आयलंड फेरी जाते. १९९७ पासून तिला भाडेच नाही. देवी तीच, हात वर केलेला तोच. पुतण्याला हे माहीत असते. पण काका भारतातून आलेत, त्यांना फुकटात कसे फिरवायचे?

काकांना चालले असते. काका नोकरीत होते तोवर एसटीच्या पासवर फिरले.

तेव्हा कुठल्याही बंदरात उतरलात, तर आधी रोज कामाला जाणारी माणसे कोणत्या बोटीत चढतात ते बघा. तीच घ्या. ती नसेलच आणि टूरचीच घ्यायची असेल, तर जॅकेट अंगात घालून बक्कल लावल्याशिवाय पैसे देऊ नका. डेकवरच्या बुफेचे, डीजेचे, मोफत शीतपेयाचे काही विचारू नका. बोट चालवणाऱ्या तांडेलाला एवढेच विचारा: परत किती वाजता आणणार? त्याने घड्याळाकडे बघून वेळ सांगितली, तर बसा. ‘बसा हो साहेब, येऊ की आरामात’ म्हणाला, तर पुढच्या बोटीकडे चालू लागा.