आणखी दहा घोडे

जुन्या मारुती झेनच्या मालकाला एके दिवशी साक्षात्कार होतो: गाडीत दम नाही! ९९३ सीसीचं इंजिन, कारखान्यातून निघताना पन्नासच्या आसपास हॉर्सपॉवर. त्यातले किती घोडे वीस-पंचवीस वर्षांत देवाघरी गेले, हे मोजायच्या भानगडीत तो पडत नाही. कॉम्प्रेशन टेस्ट सुचवा, तोंड वाकडं होतं. तिचे फोटो मित्रांना पाठवता येत नाहीत ना.

मग खरेदी. आधी धुता येणारा लाल एअर फिल्टर. त्यानं पॉवर वाढते ती मुख्यतः मालकाची. पुढे फ्री-फ्लो सायलेन्सर: गाडी जवळपास तेवढीच पळते, पण अख्ख्या सोसायटीला कळतं. त्यानंतर एस्टीमचं १३०० सीसी इंजिन बसवायची टूम. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्याला आरटीओची परवानगी लागते, असं म्हटलं की मेकॅनिक नुसता हसतो. मागचे ड्रम ब्रेक मात्र तसेच. थांबण्यात कसली आलीय मजा?

घासलेली क्लच प्लेट, काजळी धरलेले प्लग, टायरात जेमतेम हवा. एवढंच नीट केलं तरी पळालेले बरेच घोडे मुकाट परत येतील. पण सर्व्हिसिंगचं स्टिकर मागच्या काचेवर कोण मिरवणार? तूर्त साहेब कात्रजच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये आहेत आणि मागून एसटीवाला हॉर्न देतोय.