सात ग्रॅमचा दागिना

जळगावच्या सराफ बाजारात एक साधा व्यवहार चालतो. वस्तू घेताना वजन बघा, कस बघा आणि मोडताना घट किती जाईल हे आधीच विचारून ठेवा. हीच कसोटी एकदा रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजला, म्हणजे पिन धरणाऱ्या डबीला, लावून बघायला हरकत नाही. डेन्मार्कच्या ऑर्टोफॉन कंपनीच्या २एम मालिकेतलं कार्ट्रिज भरतं ७.२ ग्रॅम, म्हणजे पाऊण तोळ्याच्या आतच. त्यात हिरा असतो, पण तो बघायला भिंग लागतं. हजारेक तास वाजवलं की तो हिरा झिजतो, आणि झिजलेला हिरा मोडीत घ्यायला कुठलाही सराफ गादीवरून उठणार नाही. घट शंभर टक्के. तरीही एका अंगठीसाठी दहा दुकानं पालथी घालणारा आपला हौशी गृहस्थ या मालिकेतलं लाल काढून निळं आणि निळं काढून काळं कार्ट्रिज बसवण्याचा निर्णय रात्री साडेअकराला, मोबाइलवर, घरात कुणाला न विचारता घेऊन मोकळा होतो. कार्ट्रिज बदलून आवाज सुधारत नाही, असं माझं म्हणणं नाही. सुधारतो. पण ती शेवटची पायरी आहे, आणि आपण पहिली उडी तिच्यावरच मारतो. कारण तिला नुसते पैसे लागतात. बाकीच्या पायऱ्यांना अंगमेहनत लागते.

लाल आणि निळ्याचंच घ्या. दोघांचं धड एकच आहे. बोटाने लाल पिन ओढायची, निळी सरकवायची, झालं अपग्रेड. लाल पिनेत हिऱ्याचं फक्त टोक धातूच्या खुंटीवर चिकटवलेलं असतं, निळीत अख्खा हिरा थेट दांडीत बसवलेला, म्हणून ती हलकी आणि चपळ. फरक खरा आहे. पण ही चपळाई दाखवायची कुठे? आपल्या कपाटातल्या एलपींची पहिली वीस वर्षं सिरॅमिक कार्ट्रिजच्या पिनेखाली गेलेली आहेत, आणि ती पिन मुळातच जड. रेकॉर्ड एका जागी अडकायला लागली की घरातला कर्ता माणूस टोनआर्मच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं ठेवायचा. ते नाणं सुमारे अडीच ग्रॅमचं. २एमच्या पिनेला लागणारा एकूण दाब १.८ ग्रॅम. म्हणजे नुसतं नाणंच आजच्या अख्ख्या दाबाला भारी. अशा नांगरटीनंतर खाचेच्या भिंतींवर जे उरलं असेल ते शोधायला आता आपण डेन्मार्कहून हिरा मागवतो. यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो आणि तो रास्त आहे. महागड्या पिनेचा हिरा अशा आकारात घासलेला असतो की तो भिंतीला उभ्या रेषेत टेकतो, त्यामुळे जुन्या पिनेने न खरवडलेला भागही त्याच्या वाट्याला येतो. कबूल. पण तोच आकार बसवताना अंशभर तिरका गेला तर फायदा संपतो. प्रोट्रॅक्टरचा कागद, भिंग आणि तासभर संयम हे या पिनेचे खरे सुटे भाग आहेत, आणि ते खोक्यात येत नाहीत.

आता मे महिना. कार्ट्रिजमधल्या, पिनेची दांडी पेलणाऱ्या रबराची मापं वीस-पंचवीस अंश सेल्सिअस धरून काढलेली असतात. जळगाव-भुसावळ पट्ट्यात तेवढं तापमान पहाटेही मिळेल याची खात्री नाही. दुपारी पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना कूलर लावला तर त्याच्या घरघरीत नव्या पिनेने शोधून काढलेला तंबोऱ्याचा तो सूक्ष्म झंकार वाहून जातो. कूलर बंद केला तर झंकार राहतो, ऐकणारा राहत नाही. त्यातून कोणी मूव्हिंग कॉइल जातीच्या कार्ट्रिजवर गेला असेल तर बघायलाच नको. साध्या मूव्हिंग मॅग्नेटचा सिग्नल पाचेक मिलिव्होल्टचा, मूव्हिंग कॉइलचा बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टच्याही आत. तो दहा-पंधरापट जास्त वाढवायचा, म्हणजे घरातल्या विजेची घूंऽऽ सुद्धा तेवढीच वाढते. म्हणून अर्थिंग धड हवं. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. त्यात मीठ-कोळसा भरून वरून बादलीभर पाणी ओतावं लागतं. आपल्याकडे नळ ज्या बेताने येतो तो लक्षात घेता, संगीतासाठी खड्ड्यात बादली रिकामी करा असं घरच्यांना सांगायला मूव्हिंग कॉइलपेक्षा जास्त धैर्य लागतं.

एवढं झाल्यावर शेवटचं अस्त्र निघतं: ‘तुम्हाला ऐकू येत नाही, आमचा कान तयार आहे.’ तयार कानाची परीक्षा अमेरिकेत एकदा होऊन गेली आहे. मोबाइल फिडेलिटी नावाची कंपनी मूळ टेपवरून काढलेल्या महागड्या एलपी विकायची, आणि त्यात डिजिटलचा स्पर्श नाही अशीच गिऱ्हाइकांची समजूत होती. २०२२ साली कळलं की त्यातल्या बऱ्याच रेकॉर्डी गेली दहाएक वर्षं डिजिटल टप्प्यातून जात होत्या. हे उघडकीला आणलं ॲरिझोनातल्या एका रेकॉर्ड दुकानदाराने, तेही कानाने नव्हे, चौकशी करून. तोवर जगातली उत्तमोत्तम कार्ट्रिजं त्या खाचांतून फिरून आली होती, आणि त्यांचे मालक ॲनालॉगच्या उबेबद्दल भरभरून बोलत होते. हौसेला मोल नसतं, हा बचाव मात्र मी विनातक्रार मान्य करतो. फक्त मग हौस म्हणा, पुरावा म्हणू नका.

आणि हौसच करायची तर खानदेशी माणसाला ती करायला घरचं कारण आहे. बालगंधर्वांनी लहानपणी गाण्याचे धडे जळगावात मेहबूबखाँकडे घेतले. शहरातलं खुलं नाट्यगृह त्यांच्या नावाचं आहे. त्यांचा ऐन भरातला आवाज आहे ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवर, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. अशा तबकडीची खाच एलपीपेक्षा बरीच रुंद. तिला पासष्ट-सत्तर मायक्रॉनचं गोल, बोथट टोक लागतं. एलपीची नाजूक महागडी पिन त्या खाचेच्या तळाशी जाऊन पडते आणि तिथला शंभर वर्षांचा गाळ इमानदारीने वाजवते. शिवाय ७८मध्ये गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं; स्टिरिओ कार्ट्रिज उभी हालचालही वाचतं, आणि उभ्यात निव्वळ खरखर. ॲम्प्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबलं की ती बरीचशी गळून पडते. बटण फुकट आहे. ७८ची जाडी पिन त्याच लाल-निळ्या कार्ट्रिजच्या धडात बसते, उंची पिनेच्या मानाने स्वस्तात मिळते. पण ती मागवली तर मित्रांना काय दाखवणार? जाड, बोथट, आणि किंमतही सांगण्यासारखी नाही.