कधी वाजतंय?

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात पिकअप रांगेला लागल्या की ड्रायव्हर मोबाइल काढतात. त्या रांगेत एका गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसतात आणि शेजारी नीट जोडून ठेवलेल्या चपला. हे पाय तात्यांचे, गाडी दुसऱ्याची. असा माणूस पिंपळगावच्या कांद्यालाही असतो आणि सांगलीच्या हळदीलाही. मागच्या चाकांच्या जोरावर ओझं ओढणारी गाडी जिथे असेल, तिथे तिच्या पोटाखाली एक तात्या असतोच. त्याला कोणी बोलावलेलं नसतं.

तात्यांची स्वतःची पिकअप मुलगा चालवतो. रात्री क्रेट भरून माळशेजमार्गे वाशीला जायचं, सकाळी रिकामं परत यायचं. तात्यांनी स्टिअरिंग मुलाला दिलं, कान मात्र स्वतःकडे ठेवले.

गाडीवाला तक्रार घेऊन येतो, “तात्या, मागनं टण्ण वाजतंय.” दुसरा कोणीही विचारील, मागनं म्हणजे कुठनं? तात्या विचारतात, “कधी?” इथून तोंडी परीक्षा सुरू होते. क्लच सोडताना का? रिव्हर्समधनं पुढं घेताना? एकदाच वाजतं का चालत राहतं? गाडीचा वेग वाढला की आवाजाचाही वाढतो का? भरलेली असताना का रिकामी? गाडीवाला घामाघूम होतो. गेल्या वर्षभरात आपण गाडी चालवत होतो की नुसते बसून होतो, अशी शंका त्याला यायला लागते.

तात्यांचं सगळं लक्ष असतं गिअरबॉक्सपासून मागच्या हाउसिंगपर्यंत जाणाऱ्या पोलादी नळीवर. कंपनीच्या पुस्तकात ती प्रोपेलर शाफ्ट. गॅरेजात नुसतं प्रोपेलर. तिच्या सांध्यांत क्रॉस असतात, क्रॉसच्या चार टोकांवर चार वाट्या आणि वाट्यांच्या आत सुईएवढे बारीक रोलर. रोलर झिजले की ढिलाई येते आणि क्लच सोडताना ती टण्ण बोलते. कोरडे पडले की आधी चिमण्या चिवचिवल्यासारखा आवाज, गाडी पळेल तसा भराभर. तात्या गाडी न्यूट्रलला टाकायला लावतात, चाकांना चारी बाजूंनी दगड लावतात, खाली सरकतात आणि नळी दोन्ही हातांनी पिळून बघतात. मग वाटीच्या कडेवरून बोट फिरवतात. बोटाला तांबूस भुकटी लागली की ते बोट मालकाच्या नाकासमोर धरतात. “क्रॉसनं कुंकू लावलंय बघ. आता वरात टोचनवर निघणार.”

ग्रीस हा त्यांच्या धर्माचा भाग. क्रॉसचं निप्पल नेमकं वरच्या अंगाला गेलेलं असतं आणि पोरं “दिसत न्हाई” म्हणून पुढच्या कामाला लागतात. तात्या गाडी वीतभर ढकलायला लावतात, निप्पल खाली आणतात आणि चारही वाट्यांतून जुनं काळं ग्रीस जाऊन नवं दिसेपर्यंत गन मारतात. तीन वाट्यांनी दाद दिली आणि चौथी रुसली, तर त्या दिवशी तात्यांचं जेवण उशिरा. काही क्रॉस निप्पलशिवायच येतात, आयुष्यभराचं ग्रीस आतच भरलेले. त्यांच्याविषयी तात्यांना मनापासून कणव आहे. “निप्पलच न्हाई? मग याची सेवा करायची कशी?”

थरथरीचा खटला निराळा. सपाट, मोकळ्या रस्त्यावर साठ-सत्तरचा वेग धरायचा, क्लच दाबायचा, इंजिन खाली येऊ द्यायचं. थरथर तशीच राहिली तर इंजिन निर्दोष सुटलं. उरले दोन आरोपी, चाक आणि प्रोपेलर. चाक एकदा फिरतं तोवर पिकअपचं प्रोपेलर साधारण चार वेळा फिरतं, म्हणून त्याची थरथर बारीक असते. तात्यांची व्याख्या जास्त सोपी आहे: “चाकाची ढुंगणाला कळती, प्रोपेलरची दाताला.” यासाठी ते शेजारी बसून दात एकमेकांवर टेकवतात आणि गाडीत कोणालाही बोलू देत नाहीत.

एकदा एका हौशी क्लीनरने गाडी धुताना प्रोपेलरवर पातळ पत्र्याचे दोन तुकडे वेल्ड केलेले पाहिले. कोणीतरी ठिगळ लावलंय असं वाटून त्याने छिन्नीने उडवले आणि वर रंग मारला. ते तुकडे नळीचा तोल साधायला बसवलेले होते. दुसऱ्या दिवसापासून गाडी दाताला लागली. तात्यांनी त्या पोराला जवळ बसवून चहा पाजला. इतका निर्मळ, कारणासकट सापडलेला बिघाड त्यांना क्वचितच भेटतो.

खूण केल्याशिवाय प्रोपेलर उतरवू द्यायचं नाही, हा त्यांचा कायदा. सांधा तिरका असला की एक क्रॉस नळीला दर फेऱ्यात दोनदा पुढे-मागे ओढतो, आणि तो झोल दुसरा क्रॉस फेडतो. मात्र दोन्ही टोकांचे काटे एका ओळीत असले तरच. मधला दातेरी जोड भलत्या दातावर बसला की हिशेब बिघडतो. सांध्याचा हा झोल १७व्या शतकात रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने हेरला होता, असं मी त्यांना एकदा सांगितलं.

“त्याच्याकडं कुठली गाडी होती, मास्तर?”

“गाडी नव्हती. आकाश बघायच्या यंत्रांसाठी त्याला सांधा हवा होता.”

“मग त्याला लोड काय कळणार,” म्हणून तात्यांनी विषय मिटवला.

सगळ्यात चिवट गिऱ्हाईक एक टोमॅटोवाला निघाला. जास्त क्रेट बसावेत म्हणून त्याने मागच्या कमानीत दोन पाटे वाढवले. भरलेली गाडी झकास, रिकामी मात्र थरथरायला लागली. तात्यांनी एका नजरेत सांगितलं: मागचं अंग उचललं, प्रोपेलरचा कोन बिघडला, पाटे काढ. तो म्हणाला, पाटे निघणार नाहीत. “मग रिकामी चालवू नको,” तात्या वैतागून म्हणाले. त्याने ते मनावर घेतलं. आता तो वाशीहून येताना वाळूची पोती भरून आणतो. त्या वाळूला गिऱ्हाईक नाही. तीच पोती डिझेल जाळून दरवेळी माळशेज चढतात. तात्यांनी त्याची केस बंद केली आहे. “गाडी सरळ हाय. मालकाचा क्रॉस गेलाय.”

घरीही हाच खाक्या. नातू पोट दुखतंय म्हणाला की, “कधी? चढाला का उताराला?” सूनबाईंनी मिक्सर लावला की हे ओट्याशी हजर. डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्याला हात लावून “कुठे दुखतं?” विचारलं, तेव्हा तात्या परत येऊन म्हणाले, “शिकलेला वाटला, पण प्रश्नच चुकीचा.”

परवा पुतण्याने नवी मोटार आणली. पेढ्यांचा बॉक्स फिरत होता तोवर तात्या खाली गेले होते. बराच वेळ काही आवाज नाही. मग घाबरा आवाज आला, “अरं, हिला प्रोपेलरच न्हाई!”

“तात्या, पुढची चाकं ओढतात हिला. मागं शाफ्ट लागतच नाही.”

तात्या बाहेर आले, धोतर झटकलं, पेढा नाकारला. गाडीभोवती एक चक्कर मारून पुढच्या चाकाशी उकिडवे बसले. चाकाकडे जाणारा आखूड दांडा आणि त्याच्या सांध्यावरचं रबरी बूट दिसताच चेहरा जरा सावरला.

“स्टिअरिंग पूर्ण मार. आता गोल फिरव, सावकाश. काच खाली घे.”

पुतण्या अंगणात गोल गोल फिरवू लागला. वहिनी ओवाळणीचं ताट घेऊन ताटकळत उभ्या. तात्या कान पुढे करून मधोमध उभे राहिले, आधी डावीकडून ऐकलं, मग उजवीकडून.

“वाजतंय का?” पुतण्याने विचारलं.

“न्हाई अजून,” तात्या म्हणाले. “नवी हाय. वाजंल.”