बसेंजी-पालन प्रवेशिका

ही प्रवेशिका इंग्लंड-अमेरिकेत घर घेऊन स्थिरावलेल्या, मुलांच्या हट्टापुढे हात टेकलेल्या आणि ‘कुत्रं हवं, पण भुंकणारं नको’ या तडजोडीवर आलेल्या मराठी कुटुंबांसाठी आहे. कुत्र्यांच्या जातींची यादी वाचताना तुमचं बोट ‘बसेंजी: भुंकत नाही’ या ओळीवर येऊन थांबलेलं असणार. ते तिथून उचलता आलं तर अजून वेळ गेलेली नाही. उचलत नसेल तर पुढे वाचा.

प्राण्याची ओळख

खांद्यापाशी उंची 40 ते 43 सेंटीमीटर, वजन दहा-अकरा किलो. केस आखूड आणि तुकतुकीत. रंग तांबूस, काळा, तिरंगी नाहीतर पट्टेरी, पण छाती, पंजे आणि शेपटीचं टोक पांढरं. कान ताठ, शेपूट कमरेवर घट्ट वळवून एका अंगाला टेकवलेली. कपाळावर आठ्या. या आठ्यांमुळे तो सतत कुणाच्या तरी काळजीत आहे असं वाटतं आणि नवशिके तिथेच विरघळतात. त्या आठ्या जन्मजात आहेत, काळजीशी त्यांचा संबंध नाही. काळजीच्या खऱ्या आठ्या यथावकाश तुमच्या कपाळावर उमटतील.

आता भुंकण्याविषयी. बसेंजीला भुंकता येतं, तो भुंकत नाही इतकंच. एखाद्या दिवशी ‘भू’ असा एकच कोरडा आवाज काढून विषय संपवतो. खुशीत असला की घशातून वर-खाली जाणारी एक तान घेतो. तिला त्याचे चाहते योडल म्हणतात. शिवाय तो गुरगुरतो, विव्हळतो, कण्हतो, आणि मनाविरुद्ध कोंडून ठेवला की किंचाळतो. ही किंचाळी थेट माणसाची वाटते. भिंतीला भिंत लागलेल्या घरात राहत असाल तर कुत्रा आणल्याच्या दिवशीच शेजाऱ्यांकडे जा, कुत्रा दाखवा, जमल्यास चार चकल्याही द्या. ‘तो आमचा कुत्रा आहे हो’ हे दारात पोलीस उभे असताना पहिल्यांदा सांगायची वेळ येऊ नये.

पूर्वपीठिका (गाळू नये)

बसेंजीचं गाव म्हणजे मध्य आफ्रिकेतलं कांगोचं खोरं. 1895 मध्ये एक जोडी इंग्लंडात आणून क्रफ्ट्सच्या श्वान-प्रदर्शनात मांडली होती. ती डिस्टेंपर या रोगाने दगावली. पुढे 1936 मध्ये ऑलिव्हिया बर्न या बाईंनी पुन्हा काही कुत्री आणली आणि 1937 च्या क्रफ्ट्समध्ये त्यांना बघायला झुंबड उडाली. 1959 मध्ये व्हेरॉनिका ट्यूडर-विल्यम्स या दुसऱ्या बाई खास कुत्र्यांच्या शोधात दक्षिण सुदानपर्यंत गेल्या आणि फुला नावाची तांबडी-पांढरी मादी घेऊन परतल्या. आजच्या अनेक बसेंजींच्या वंशावळीत ही फुला भेटते. एवढा खटाटोप करून माणसांनी कुत्री तर आणली, पण त्यांचं कामही सोबत आलंय हे फारसं कुणी ध्यानात घेतलं नाही.

ते काम असं. जंगल इतकं दाट की पाच-दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. एका बाजूला जाळी लावलेली. कुत्रा झाडीत शिरतो, सावज हुडकतो आणि जाळ्याकडे हाकत आणतो. तो भुंकत नाही, म्हणून त्याच्या गळ्यात लाकडी घंटा बांधतात. तिच्या आवाजावरून तो कुठे आहे ते शिकाऱ्याला कळतं. मालक मागे कुठेतरी काट्यांतून वाट काढतोय. डावीकडे वळायचं की उजवीकडे, थांबायचं की झेप घ्यायची, हे कुत्र्याने स्वतः ठरवायचं. दर वळणावर थांबून मालकाच्या तोंडाकडे बघणारा कुत्रा तिथे उपाशी राहिला असता, आणि त्याच्यापायी मालकही.

या प्रवेशिकेतला एवढाच परिच्छेद कापून फ्रिजवर लावा. पुढे जे काही घडेल, त्याचं उत्तर यात आहे.

साहित्य

एक पट्टा, एक पिंजरा, कचऱ्याचा एक डबा. डब्याला पायाने उघडणारं झाकण घेऊ नका, ते त्यालाही पायाने उघडता येतं. कुंपण उंच आणि गुळगुळीत हवं. तारेच्या जाळीचं कुंपण बसेंजीच्या लेखी शिडी असते. पंजे अडकवत तो ते चढतो आणि पलीकडे उतरतो. लाकडी कुंपण असेल तर त्याला टेकवून बाक, कुंडी, बार्बेक्यूची शेगडी असलं काही ठेवू नका. कुंपणाखालची मातीही एकदा तपासा.

घरातल्या पुढील वस्तू आजपासून जमिनीपासून दोन मीटरवर राहतील: चष्मे, रिमोट, श्रवणयंत्रं, टिश्यूचा खोका, मोजे आणि अंतर्वस्त्रं. शेवटच्या वस्तूचा उल्लेख संकोचाने केलेला नाही. पाहुणे बसलेले असताना तो ती वरच्या मजल्यावरून घेऊन येतो आणि दिवाणखान्याच्या मध्यभागी ठेवतो.

धडा पहिला: ‘ये’

स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञाने 1994 मध्ये कुत्र्यांच्या बुद्धीवर पुस्तक लिहिलं आणि त्यात जातींची क्रमवारी लावली. एकूण 79 क्रमांक. बॉर्डर कॉली पहिला, अफगाण हाउंड शेवटचा, आणि शेवटून दुसरा आपला बसेंजी. या तळच्या गटाला नवी आज्ञा कळायला 80 ते 100 आवर्तनं लागतात आणि पहिल्या हाकेला ती चारातून जेमतेम एकदा पाळली जाते, असं कोरेन म्हणतो. म्हणून पद्धत सोपी आहे. बागेच्या एका टोकाला उभे राहा आणि ‘ये’ म्हणा. तो मान वळवेल, ऐकल्याची नोंद घेईल आणि पुन्हा झुडपाकडे बघू लागेल. हे झालं पहिलं आवर्तन. उरलेली 99 याच प्रकारे करा. शंभराव्या वेळी खिशातून चीजचा तुकडा काढा. तो येईल. चीज त्याला पहिल्याच आवर्तनात समजलं होतं.

जाता जाता: ही क्रमवारी आज्ञापालनाच्या स्पर्धांमधल्या परीक्षकांना विचारून केलेली होती. सांगितलेलं किती लवकर करतो, हे मोजलं गेलं. कवायत शिकवणाऱ्या मास्तरांना शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा कोणता असं विचारलं तर जे उत्तर मिळेल, ते हे. ज्या जातीला हजारो पिढ्या ‘स्वतः ठरव’ हेच काम होतं, तिला या परीक्षेत अठ्ठ्याहत्तरावा नंबर मिळाला यात मला तरी नवल वाटत नाही. बॉर्डर कॉलीला कांगोत सोडलं असतं तर तो शिट्टीची वाट बघत झाडाखाली बसून राहिला असता. (बॉर्डर कॉलीवाल्यांनी पत्रं पाठवू नयेत.)

धडा दुसरा: ‘बस’

बसेंजी बसतो. तो बसत असेल तेव्हा ‘बस’ म्हणा.

धडा तिसरा: पट्टा

अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी पाच जातींची पिल्लं एकाच पद्धतीने वाढवली आणि वर्षानुवर्षं त्यांच्या परीक्षा घेतल्या. 1965 मध्ये त्यांचं जाडजूड पुस्तक निघालं. पिल्लांना पहिल्यांदा पट्ट्याने चालवायला नेलं तेव्हा बीगल कुरकुरले, शेल्टी माणसाच्या पायात घोटाळले, आणि बसेंजींनी थेट पट्ट्याशीच मारामारी केली. पाच आठवड्यांची बसेंजी पिल्लं माणसाचा हात दिसला की पळत, नाहीतर चावत. तीच पिल्लं रोज हाताळली गेली की पुढच्या काही आठवड्यांत माणसाळत.

यातून खरोखर उपयोगी पडणारी एक गोष्ट निघते, तेव्हा विनोद जरा बाजूला ठेवतो. पिल्लू कुठून घेताय ते नीट बघा. ज्या घरात पिल्लं सुरुवातीपासून माणसांच्या मांडीवर, स्वयंपाकघराच्या गोंगाटात वाढली, तिथूनच घ्या. मागच्या शेडमध्ये वाढलेलं पिल्लू स्वस्त पडत असेल, तर ते स्वस्त का आहे हे तुम्हाला पुढची बारा-तेरा वर्षं कळत राहील.

पट्टा पुढे कायमचा. मोकळ्या जागेत बसेंजीला सोडू नये. खार दिसली की तो डोळ्यांनी धावतो, कान तेव्हा बंद असतात, आणि रस्ता आडवा आहे हे त्याच्या हिशेबात नसतं.

पाऊस

या जातीचं पालनपोषण इंग्लंडात व्हावं हा दैवदुर्विलास आहे, कारण बसेंजीला पाणी सोसत नाही. सकाळी साडेसहाला मागचं दार उघडा. तो उंबऱ्यापाशी येतो. एक पंजा बाहेर टाकतो, फरशी ओली लागते. पंजा उचलून झटकतो. वर बघतो. मग वळून तुमच्याकडे बघतो, कारण या घरातल्या सगळ्या गोष्टींची व्यवस्था तुमच्याकडे असते. तुम्ही ‘जा बाळा, जा’ म्हणता. तो आत जाऊन गादीवर अंगाचं मुटकुळं करून झोपतो. अशा वेळी काही मालक बागेचा एक कोपरा पत्रा टाकून कोरडा ठेवतात, तर काही पायजम्यावर रेनकोट चढवून मोठी छत्री त्याच्या डोक्यावर धरून उभे राहतात. छत्री तुमच्या डोक्यावर नसते हे वेगळं सांगायला नको.

स्वच्छता आणि सासूबाई

सहा महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून सासूबाई येतात आणि विमानतळावरच जाहीर करतात की कुत्रं स्वयंपाकघरात आलेलं चालणार नाही. घाबरू नका. बसेंजीच्या अंगाला कुत्र्याचा वास जवळजवळ येत नाही. दिवसातून कितीतरी वेळा तो पंजे, पोटऱ्या, छाती चाटून लख्ख करत बसतो. तोंडावरून पंजा फिरवून तोंडही पुसतो. चौथ्या दिवशी सासूबाई म्हणतात, ‘अगं, हे तर सोवळ्यातलं दिसतंय.’ आठव्या दिवशी तो त्यांच्या शालीखाली असतो. त्याला ऊब लागते, त्यांना सोबत.

कसोटीचा क्षण थोडा नंतर येतो. ओट्यावर पोळ्यांचा डबा, झाकण किंचित तिरपं, सासूबाई फोनवर. भुंकणारा कुत्रा निदान उत्साहाने स्वतःला पकडून देतो. इथे मागचे पाय खुर्चीवर, पुढचे ओट्याच्या कडेला, आणि सगळं काम निःशब्द. वरची पोळी तो घेत नाही; वरची गार झालेली असते. फोन ठेवेपर्यंत चार पोळ्या कमी आणि तो पुन्हा गादीवर, कपाळावर त्याच काळजीच्या आठ्या. रागावू नका. तुम्ही नुकतीच कांगोतली शिकार पाहिलीत, जाळ्याविना.

संध्याकाळी साताच्या सुमाराला तो कारण नसताना उठतो आणि सोफा, जिन्याचा कठडा, जेवणाचं टेबल, पुन्हा सोफा अशी सुसाट चक्कर सुरू करतो. शेपूट सरळ, कान मागे. इंडियानापोलिसच्या मोटारशर्यतीवरून बसेंजीवाले याला ‘बी-500’ म्हणतात. हातात चहा असेल तर भिंतीला पाठ लावून उभे राहा. थांबवू नये, थांबवता येत नाही. दिवसभर पुरेसं चालवलं असेल तर हे पाच मिनिटांत आटोपतं. नसेल तर सोफ्याची उशी फुटेपर्यंत चालतं.

माज

इतर कुत्र्यांच्या माद्या साधारण वर्षातून दोनदा माजावर येतात, बसेंजीची बहुधा एकदाच, आणि तीही शरद ऋतूत. त्यामुळे पिल्लं नाताळाच्या आसपास सगळीकडे एकदमच जन्मतात. पिल्लू एप्रिलमध्ये हवं, मे महिन्यात गावी जायचंय, असा हिशेब इथे चालत नाही.

डॉक्टरकडे

इथे पुन्हा गंभीर व्हायला हवं. या जातीत फॅन्कोनी सिंड्रोम नावाचा मूत्रपिंडाचा आनुवंशिक विकार आढळतो. मूत्रपिंडाने जी साखर, अमिनो आम्लं, क्षार रक्तात परत घ्यायचे, ते लघवीवाटे निघून जातात. कुत्रा भरमसाट पाणी पितो, वारंवार लघवी करतो, वजन उतरतं. बहुधा हे चौथ्या ते आठव्या वर्षाच्या दरम्यान दिसू लागतं. लघवीत साखर सापडली की मधुमेह समजून चालण्याची चूक सहज होते, पण फॅन्कोनीत रक्तातली साखर ठीक असते. दोन्ही तपासण्या मागा. मधुमेह्यांसाठी औषधाच्या दुकानात लघवीतली साखर बघायच्या पट्ट्या मिळतात; महिन्यातून एकदा एक पट्टी त्याच्या धारेखाली धरावी. (पाऊस असेल तर छत्रीही.) वेळेत कळलं तर औषधांवर कुत्रा वर्षानुवर्षं चांगला जगतो. 2011 पासून या विकाराची थेट जनुकीय चाचणी उपलब्ध आहे. पिल्लू घेताना आईबापांचे निकाल बघायला मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर चहा पिऊन घरी या.

तो पळाला तर

तो पळेल. कुरिअरवाल्यासाठी दार उघडलेलं असेल आणि तुमच्या पायांमधून तांबडं काहीतरी गेल्याचं जाणवेल.

मागे धावू नका. मागे धावणं हा त्याच्या मते खेळ आहे आणि त्यात तो तुमच्यापेक्षा फार चांगला आहे. ओरडू नका, ‘ये’चं आवर्तन इथे मोजलं जात नाही. उलट दिशेने पळत सुटा, हसत, काहीतरी मजेचं घडतंय अशा थाटात. पुष्कळदा तो काय चाललंय ते बघायला मागे येतो. रस्त्यावरच्या लोकांकडे लक्ष देऊ नका. तेही चाललं नाही तर गाडी काढा, त्याच्या पुढे नेऊन उभी करा, दार उघडा आणि दुसरीकडे बघत बसा. बसेंजीला गाडीत बसून फिरायला आवडतं. तो येईल, पुढच्या सीटवर बसेल. दार लावून घ्या, हीटर लावा, आणि थेट घरी न आणता आधी एक फेरी मारून या, म्हणजे पुढच्या वेळीही तो गाडीत बसेल.