शंका असल्यास अर्ज करावा

ऑक्टोबर 1890. पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यान झालं आणि नंतर पाहुण्यांपुढे चहा आला. कुणी तो प्यायला, कुणी नुसता ओठाला लावला, कुणी शिवलाही नाही. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते. हा सगळा घाट घातला होता गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी. गृहस्थ एवढा खट्याळ, की हजर असलेल्यांची नावं त्याने वर्तमानपत्रात छापवून आणली. झालं! सनातनी मंडळी थेट शंकराचार्यांकडे धावली आणि पुण्यात धर्मचौकशी बसली. चौकशीचा विषय आत्मा नव्हे, परमात्मा नव्हे, मोक्ष तर नव्हेच. विषय एकच : चहा घेतलात का? सरकारी न्यायासनावर बसून इतरांना प्रश्न विचारणारे रानडे इथे उत्तरं द्यायच्या बाजूला. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं आणि वर सुधारकांची बोलणी खाल्ली.

धर्माच्या कारभारात प्रश्न विचारायला बंदी असते, असं जे म्हणतात ते साफ खोटं आहे. प्रश्न भरपूर विचारले जातात. फक्त ते तुम्हाला विचारले जातात. गोत्र काय, उपवास कुठले, जप किती झाला, घरात अंडं शिजतं का, सून कुठल्या जातीची केली, देणगी कुणाच्या नावावर लिहू. उलट दिशेने प्रश्न निघाला, की त्याला लगेच 'अश्रद्धा' म्हणतात.

याज्ञवल्क्यांचा काळ बरा म्हणायचा. जनकाच्या सभेत गार्गीने विचारायला सुरुवात केली : हे कशात विणलंय, ते कशात विणलंय, आणि तेही कशात? ऋषी लोकामागून लोक चढत ब्रह्मलोकापर्यंत पोचले आणि तिथे त्यांना धाप लागली. गार्गी, फार विचारू नकोस, डोकं गळून पडेल, असा दम त्यांनी दिला. पण ही बाई थोड्या वेळाने पुन्हा उठली आणि आणखी दोन प्रश्न घालून बसली! डोकं शाबूत राहिलं. पडलं ते त्याच सभेतल्या शाकल्याचं. त्याची हाडं तर चोरांनी भलतंच काही समजून पळवली, असं उपनिषद गंभीरपणे नोंदवतं. आमच्या वाट्याला असा विनोदी ग्रंथ येतो आणि आम्ही तो सोवळ्यात गुंडाळून ठेवतो.

तेव्हा डोक्याचं काम शापावर सोपवत. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्याच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर ते पिस्तुलावर सोपवलं गेलं. डॉ. नरेंद्र दाभोलकर सकाळी फिरायला निघाले होते. जादूटोण्याविरुद्धच्या ज्या कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं उंबरे झिजवले, त्याचा वटहुकूम काढायचं सरकारने दुसऱ्याच दिवशी ठरवलं. सरकारलाही उत्तर सुचायला केवढं निमित्त लागतं पाहा. आणि पुलाला नाव त्या शिंद्यांचं, ज्यांनी धर्माला अस्पृश्यतेचा जाब विचारण्यात हयात घालवली.

असो. मोठ्यांच्या गोष्टी मोठ्या. आमच्या सोसायटीत परवा महाराज आले, त्यांचं सांगतो.

पार्किंगमध्ये मांडव, पुढे सोफे, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यामागे सतरंजी. देणगीच्या आकड्यावरून मोक्षापासूनचं अंतर ठरत होतं. दाराशी नोंदणीचा अर्ज भरायचा. त्यात नाव, वय, गोत्र, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न (अंदाजे), व्यसन, आणि 'महाराजांवर श्रद्धा कधीपासून?' बँकेने गृहकर्ज देताना मला इतकं विचारलं नव्हतं. बँकेला निदान परतफेड हवी असते.

कार्यक्रमपत्रिकेत शेवटी 'मुक्त शंकासमाधान' छापलेलं. मुक्त म्हणजे असं : शंका कागदावर लिहायची, पेटीत टाकायची, मग तीन कार्यकर्ते त्या चाळणार आणि योग्य त्या शंका महाराजांपर्यंत जाणार. अर्जुनाला ही सोय मिळाली असती तर गीता दोन अध्यायांत आटपली असती. बिचारा ऐन रणांगणात विचारत राहिला, समोर सैन्य खोळंबलेलं, आणि कृष्ण सांगत राहिला. शेवटी तर नीट विचार कर आणि तुला वाटेल ते कर, असंही म्हणून मोकळा झाला. आमच्या महाराजांना एवढी सवड कुठली? त्यांना रात्रीचं विमान गाठायचं होतं.

मीही चिठ्ठी टाकली. 'पैशाचा मोह सोडावा हे पटतं. पण तो ट्रस्टच्याच खात्यात का सोडावा?' ती चाळणीत अडकली. कार्यकर्त्याने बाजूला घेऊन समजावलं, 'काका, तुमची शंका चांगली आहे, पण ती शंका नाही, टीका आहे. हवी तर 80जीची पावती देतो.' म्हणजे मोह सोडल्यावर प्राप्तिकरात सवलत! निष्काम कर्माचं हे कलम गीतेत राहून गेलेलं दिसतं.

चाळणीतून खाली आलेल्या शंका अशा : मन एकाग्र कसं करावं? सद्गुरू भेटल्याची खूण काय? आपल्या वाणीत एवढं माधुर्य कुठून येतं? शेवटच्या प्रश्नावर महाराज बराच वेळ बोलले. गाडगेबाबाही कीर्तनात प्रश्नच विचारत सुटायचे म्हणा, समोरच्या गर्दीला. पण त्यांना कुणाची पावती फाडायची नव्हती आणि पायाला हात लावणाऱ्याची त्यांच्याकडे धडगत नसे.

मुख्य प्रवचन दुखण्यावर झालं. रोग म्हणजे पूर्वकर्म. ते भोगूनच संपवायचं. डॉक्टर शरीर बरं करील, प्रारब्ध कोण बरं करणार? औषधापेक्षा नाम मोठं. टाळ्या झाल्या. सोफ्यावरच्या एका हृदयरोगतज्ज्ञांनीही वाजवल्या.

तेवढ्यात सतरंजीवरून तळमजल्याच्या आजी उठल्या. उठल्या म्हणजे आधी भिंत धरली, मग नातीचा खांदा धरला आणि मग उभ्या राहिल्या. चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही. कीर्तनात वाढलेली बाई. समोर बुवा असला की बोलायचं, एवढंच तिला ठाऊक.

'महाराज, मागल्या खेपेला तुम्हाला दोघं धरून आणत होते. यंदा जिना आपले आपण चढलात, मी खिडकीतून पाहिलं. गुडघे बदललेत म्हणे. कुठल्या डॉक्टरांकडं केलंत? किती खर्च आला? माझेही अगदी गेलेत हो.'

यात टोमणा नावाला नव्हता. म्हणून तर पंचाईत. टोमण्याला उत्तर देता येतं, त्यावर हसता येतं, अश्रद्ध म्हणून हाकलता येतं. आजी तर दर गुरुवारी महाराजांच्या फोटोला हार घालतात. महाराजांनी डोळे मिटले. ध्यान लागलं असावं. माईकवाल्याने माईक बंद केला, पेटीवाल्याने घाईघाईने गजर धरला.

एक कार्यकर्ता लगबगीने सतरंजीपाशी आला, हातात नोंदणीची वही. 'आजी, बसा बघू. तुम्ही चिठ्ठी टाकली होती का? तुमचा नोंदणी क्रमांक काय?'

'सांगते बाळा,' आजी म्हणाल्या. 'आधी तू डॉक्टरांचं नाव सांग.'