घडवलं कोणी?

खामगाव-चिखलीहून पुण्यात स्थिरावलेल्या मंडळींना हल्ली आठवतं, की आपल्याला पिंक फ्लॉइडच्या १९७३च्या ‘डार्क साइड ऑफ द मून’नं घडवलं. असेल बुवा! आमची जडणघडण मात्र मंडपवाल्याच्या हाती होती. पहाटे भोंग्यावर प्रल्हाद शिंदे, वरातीत त्यांच्याच लेकाचा, आनंद शिंद्यांचा, पोपट. भक्ती आणि वात्रटपणा, दोन्ही खाती एकाच घरात! प्रेमाचं खातं तेवढं १९९०च्या ‘आशिकी’कडे. ती कॅसेट मेहकरच्या काळी-पिवळीत अखंड वाजे. दुसरी बाजू लागणं ही ड्रायव्हरची मर्जी. फीत सैल पडली की शिसपेन्सिलीनं गुंडाळायची. त्या पेन्सिलीचा शाळेत तेवढाच उपयोग केला असता, तर आमचंही बालपण आज पिंक फ्लॉइड ऐकत गेलं असतं.